ई-सायकलच्या टायरमध्ये हवा किती? सोलापुरात नव्यानं चालवणाऱ्यांसाठी

नवी ई-सायकल घरी आली की सगळं घर बॅटरीच्या मागं लागतं. किती कांड्या उरल्या, जुळे सोलापुरातनं मार्केट यार्डाला जाऊन परत येईल का, चार्जर रात्रभर लावला तर चालतो का. टायरची चौकशी कुणी करत नाही. साध्या सायकलवर वाढलेल्या माणसाला टायरचं काय शिकायचं असतं? अंगठ्यानं दाबायचा, मऊ लागला की हवा मारायची, झालं.

ई-सायकलला हा अंगठा चालत नाही. साधी सायकल पंधरा-सोळा किलोची असते, ही बावीस ते अठ्ठावीस किलोची. बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गाड्यांत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये (मधल्या भागात) असते, म्हणजे तुमचं वजन, कॅरियरवरचं सामान, मोटरचं वजन आणि मोटरची ओढ यातला मोठा वाटा मागचा टायर सोसतो. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर आरटीओची नोंदणी लागत नाही. सोय चांगली आहे, पण त्यामुळं टायर तपासा म्हणून सांगणारंही कुणी नसतं.

खाली जे सांगतोय ते मागं हब मोटर असलेल्या, ट्यूबवाल्या टायरच्या गाडीचं आहे. मोटर पॅडलपाशी असेल तर चाक काढण्याचा भाग सोडून द्या, बाकीचं तसंच लागू आहे.

आधी हे जमवून ठेवा

- मीटर असलेला उभा पंप, पायानं दाबून धरायचा. बिनमीटरचा घेऊ नका.
- प्लास्टिकचे टायर लिव्हर. स्क्रू-ड्रायव्हरनं टायर काढाल तर पंक्चर एकाचे दोन होतील.
- ठिगळं, सोल्युशन, पॉलिश पेपर.
- मागच्या नटाला बसणारा पाना. बऱ्याच हब मोटरला १८ नंबर लागतो, पण विकत घेण्याआधी नटावर बसवून बघा.
- छोटी कटिंग पक्कड आणि चार-सहा केबल टाय.
- आपल्या मापाची एक नवी ट्यूब.
- बिल, वॉरंटी कार्ड आणि टायरच्या बाजूवरच्या अक्षरांचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो.

वॉरंटी कार्ड एकदा वाचून घ्या. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड ही झिजणारी वस्तू म्हणून वॉरंटीतनं बहुधा वगळलेली असतात. दुकानात ‘सगळं कव्हर आहे’ म्हणतात तेव्हा हे आठवा.

१. टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचा

फडक्यानं धूळ पुसा आणि वाचा. तिथं दोन गोष्टी मिळतील.

पहिली, माप. २६ × १.९५, २७.५ × २.१ असं काहीतरी असेल. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत ५०-५५९ किंवा ५४-५८४ असा दुसरा आकडा असतो. खरा कामाचा आकडा तो. त्यातला पहिला भाग टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास. २६ इंची माउंटन सायकलचा ५५९, २७.५ चा ५८४, २९ चा ६२२.

इथं एक सापळा आहे. आपल्याकडच्या जुन्या लेडीज सायकलींना २६ × १⅜ मापाचा टायर लागतो. त्याचा व्यास ५९०. नुसतं ‘छब्बीसचा टायर द्या’ म्हणालात की दुकानदार हाताला येईल तो काढून देतो, आणि घरी आणल्यावर तो तुमच्या रिमवर ढिला पडतो. पॉइंटातलं माप आणि अपूर्णांकातलं माप एक नव्हे, हे लक्षात ठेवा आणि शेवटचा तीन आकडी नंबर सांगूनच टायर मागा.

दुसरी गोष्ट, दाब. ‘४०-६५ पीएसआय’ असं दोन आकड्यांत किंवा नुसता कमाल आकडा दिलेला असतो. काही टायरवर तो बारमध्ये किंवा किलोपास्कलमध्ये असतो: १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, १०० किलोपास्कलही तेवढेच. कमाल आकडा ही हद्द आहे, तेवढी हवा भरा असं टायर कंपनी सांगत नाही. पंक्चरच्या दुकानात ६५ वाचून ६५ च मारतात. गाडी टणक होते, चालवायला हलकी वाटते, गिऱ्हाईक खूश. मग विजापूर रोडच्या खड्ड्यात मागचा स्पोक तुटतो आणि कुणाला त्याचा संबंध हवेशी लावावासा वाटत नाही.

२. वजनाचा हिशोब करा

तुमचं वजन, गाडीचं वजन, रोजचं सामान. तिन्हींची बेरीज करा. यातला साधारण साठ टक्के भार मागच्या चाकावर पडतो, कॅरियरवर सामान असेल तर आणखी जास्त. म्हणून पुढं आणि मागं एकसारखी हवा भरायचीच नाही. सबंध लेखातलं एवढंच केलंत तरी निम्मं काम झालं.

रोजच्या सामानात काय काय येतं ते प्रामाणिकपणे धरा. ज्याची फेरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतनं टॉवेलचे गठ्ठे घेऊन नवी पेठेत असते, त्याची गाडी आणि डबा-पाण्याची बाटली घेऊन कॉलेजला जाणाऱ्या पोराची गाडी, मॉडेल एकच असलं तरी टायरला त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. मुलाला मागं बसवून शाळेत सोडत असाल तर तेही धरा.

३. सुरुवातीचा आकडा घ्या, मग जुळवा

१.९५ ते २.१ इंच रुंदीच्या टायरसाठी सुरुवात अशी करा (इथलं वजन नुसतं चालवणाऱ्याचं, हवा पीएसआयमध्ये):

- वजन ५५-६० किलो: पुढं ३२, मागं ३८
- वजन ७०-७५ किलो: पुढं ३६, मागं ४२
- वजन ८५-९० किलो: पुढं ४०, मागं ४८
- कॅरियरवर रोज १५-२० किलो असेल तर: मागं आणखी ४-५, पुढं तेवढंच

टायरच्या बाजूवर किमान आकडा दिला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका, भले वरच्या यादीत कमी असो. ४ इंची जाड टायरची गाडी असेल तर ही यादी विसरा. तिथं पुढं १२-१५ आणि मागं १५-२० पीएसआय पुरतात. जाड टायरमध्ये ४० भरून तो चेंडूसारखा उडवत नेणारे लोक होटगी रोडला रोज दिसतात.

आता जुळवणी. अमेरिकन सायकल-अभियंते फ्रँक बर्टो यांनी एक आडाखा दिला आहे: माणूस बसल्यावर टायरची उंची १५ टक्क्यांच्या आसपास कमी झाली तर दाब बरोबर. घरी मोजता येतं. गाडी भिंतीशी उभी करा, मागच्या रिमची खालची कड जमिनीपासून किती वर आहे ते पट्टीनं मोजा. मग नेहमीच्या सामानासकट बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा मोजायला सांगा. साधारण ५० मिलिमीटर उंचीचा टायर ७ मिलिमीटरच्या आसपास बसला पाहिजे. १० च्या पुढं गेला तर हवा वाढवा. ४ च्या आत राहिला तर कमी करा. दोन्ही वेळेला एकदम दहा पीएसआय हलवू नका, दोन-दोननं जा.

पट्टी नको असेल तर नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. हँडल हाताला झिणझिण्या आणत असेल, बारीक खडीवर पुढचं चाक निसटतंय असं वाटत असेल तर हवा जास्त आहे. वळताना मागची बाजू डुलत असेल, स्पीडब्रेकरवर रिम ‘टक्’ वाजत असेल, पूर्वीपेक्षा बॅटरी लवकर उतरत असेल तर कमी आहे. जमलेला आकडा चिकटपट्टीवर लिहून फ्रेमला लावून टाका, म्हणजे हवा भरणारा कुणीही असला तरी वाद नाही.

४. हवा कुठं आणि कधी भरायची

घरी, सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी. आठवड्यातनं एकदा. पंक्चर नसलं तरी ट्यूबमधनं हवा हळूहळू झिरपतच असते, त्यामुळं ‘गेल्या महिन्यात भरलीय की’ याला काही अर्थ नाही.

पेट्रोल पंपावरच्या यंत्रानं भरता येते, फक्त सायकलच्या टायरमध्ये हवा मावते थोडी आणि तो कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी बसवलेला. क्षणात आकडा ओलांडतो. आकडा आधी लावायची सोय असलेलं यंत्र असेल तर ठीक. पंक्चरच्या दुकानात भरत असाल तर मामांना स्पष्ट सांगा: ‘मागं बेचाळीस, पुढं छत्तीस, मीटर लावून बघा.’ ते हसतील. ‘ओ मालक, सायकलला कुठं मीटर लावतात?’ असंही म्हणतील. आपला मीटर खिशातनं काढायचा.

वॉल्व्हकडं लक्ष ठेवा. बहुतेक ई-सायकलींना मोटरसायकलसारखा पिनचा वॉल्व्ह असतो. ट्यूब बदलताना दुकानदाराकडं ती नसली की तो जुन्या सायकलीच्या वॉल्व्हची ट्यूब बसवून देतो. रिमच्या भोकात ती बसते, हवाही धरते, पण तुमचा मीटर तिच्यावर दाब दाखवत नाही. मग परत अंगठा.

५. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’ हे ऐकू नका

सोलापुरात ई-सायकल घेतलेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, दुपारी सात रस्त्यावर सिग्नलला उभं राहिलं तरी डांबराचा चटका बसतो, त्यामुळं ‘टायर फुटेल’ ही भीती पटकन पटते. गणित करून बघू.

बंद हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २७ अंशांना ३८ पीएसआय भरले. दुपारी ४३ अंशांना ते ४१ च्या आसपास जातात. उन्हात उभ्या गाडीचं काळं रबर आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली असं धरलं तरी ४४. टायरची हद्द ६५. फुटायला अजून बरंच अंतर आहे.

उन्हात जे टायर फुटतात त्यांची कारणं बहुतेक वेळा दुसरी असतात: यंत्रानं हद्दीपर्यंत ठासून भरलेली हवा, काठ रिमवर नीट न बसलेला टायर, किंवा झिजून आतला धागा दिसायला लागलेला टायर. याउलट हवा मुद्दाम कमी ठेवली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्या वाकण्यानंच आणखी तापतो. बाजूला चिरा पडतात. खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटते. उन्हाळ्यात मी दाब तोच ठेवतो, फक्त सकाळच्या गारव्यात मोजतो आणि गाडी सावलीत लावतो. दुपारी तापलेल्या टायरला मीटर लावून ‘जास्त झाली’ म्हणत हवा सोडू नका, संध्याकाळी ती कमी पडेल.

उन्हाचा खरा त्रास ठिगळांना होतो. घाईत चिकटवलेलं ठिगळ गरमीत सुटतं. सोल्युशन लावून ते कोरडं दिसेपर्यंत थांबा, मगच ठिगळ दाबा.

थंडीत उलट. मेमध्ये भरलेल्या हवेवर गड्ड्याच्या यात्रेपर्यंत गाडी चालवणारे आहेत. जानेवारीच्या सकाळी त्यांचा टायर निम्मा बसलेला असतो.

६. सराटे आणि वेडी बाभूळ

आपल्याकडं पंक्चरचं मोठं कारण खिळे नाहीत, काटे आहेत. पावसाळा सरला की रस्त्याकडेचे सराटे वाळतात आणि त्यांची काटेरी फळं डांबरावर येतात. शहराबाहेर पडलं की वेडी बाभळीच्या छाटलेल्या फांद्या कडेला पडलेल्या असतात. सायकलवाला बिचारा नेमका कडेनंच चालतो. कच्च्या साइडपट्टीवर उतरणं टाळा. मोकळ्या प्लॉटमधनं जवळची वाट काढू नका, तिथं गाडी हातात धरून नेली तरी काटे लागतात.

टायरात सराटा रुतलेला दिसला आणि हवा टिकून असेल तर तो वाटेत उपटू नका. काटाच भोकाला बूच होऊन बसलेला असतो. घरी पोचा, मग काढा.

उपाय दोन. टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवायची जाड पट्टी मिळते. काट्याला ती चांगली आडवी येते, पण तिची टोकं ट्यूबला घासतात, म्हणून टोकं काचेच्या पेपरनं घासून पातळ करून घ्या. दुसरा उपाय ट्यूबमध्ये घालायचं सीलंट. बारीक काट्यांना ते चालतं, मात्र आपल्या हवेत काही महिन्यांत आटतं आणि पुन्हा घालावं लागतं. शिवाय त्या ट्यूबचं पंक्चर काढायला मामा कुरकुर करतात, कारण चिकट द्रवावर ठिगळ बसत नाही. रोज शहरातच फिरणार असाल तर मला पट्टी बरी वाटते.

पट्टी काय, सीलंट काय, झिजलेल्या टायरला दोन्ही वाचवत नाहीत.

७. झीज वाचा

महिन्यातनं एकदा चाक हातानं फिरवत पूर्ण टायर बघा. किती किलोमीटर झाले हे महत्त्वाचं नाही. काय दिसतं ते बघा:

- मधली नक्षी सपाट, कडेची शाबूत: हवा जास्त आहे, किंवा टायरचं वय झालं. मागच्या टायरला हे आधी येतंच.
- कडा झिजल्या, बाजूला बारीक चिरा: हवा कमी ठेवली जातेय.
- एकाच ठिकाणी सपाट डाग: मागचा ब्रेक जाम करून चाक घसरवलंय.
- ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं: ट्यूब चिमटली. काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.
- फुगवटा, किंवा आतला धागा दिसतोय: त्या टायरवर आता फक्त दुकानापर्यंत जायचं, तेही हळू.

आणि एक खूण खास मोटरच्या चाकाची. मागचा वॉल्व्ह रिममधनं सरळ बाहेर यायला हवा. तो तिरका झुकलेला दिसला तर समजा की मोटरच्या ओढीनं टायर ट्यूबसकट रिमवर सरकलाय. हे कमी हवेमुळं होतं. असंच चालवलं की ट्यूब वॉल्व्हच्या बुडाशी फाटते आणि तिथं ठिगळ लागत नाही, ट्यूबच जाते. वॉल्व्ह झुकलेला दिसला की हवा पूर्ण सोडा, टायर दोन्ही हातांनी फिरवून वॉल्व्ह सरळ करा आणि मग ठरलेला दाब भरा.

झीज कमी करायची तर थ्रॉटल उभ्यानं पिळू नका. सिग्नल सुटल्यावर आधी अर्धा पॅडल मारा, मग मोटर घ्या. पुढचा ब्रेकही वापरा. बॅटरीलाही हेच मानवतं.

८. मागचं चाक काढायची वेळ आली तर

साध्या पंक्चरला चाक काढायची गरज नाही. टायरची एक बाजू सोडवा, ट्यूब बाहेर ओढा, भोक शोधा, ठिगळ लावा, परत आत. चांगला पंक्चरवाला असंच करतो. पण गाडी उलटी करायला लागला तर थांबवा. हँडलवरचा डिस्प्ले आणि थ्रॉटल जमिनीवर टेकून फुटतात. गाडी कुशीवर आडवी करा, डिस्क ब्रेकची तबकडी वरच्या बाजूला ठेवून, म्हणजे ती वाकणार नाही.

टायर किंवा ट्यूब बदलायची तर चाक काढावंच लागतं. क्रम असा:

१. गाडी बंद करा आणि बॅटरी काढून घरात ठेवा.
२. मोटरची केबल फ्रेमला केबल टायनं बांधलेली असते. ते टाय कापा. फ्रेमवर केबलचा जोड सापडेल, त्यावर बाणाच्या खुणा असतात. जोड पिळू नका, सरळ ओढा.
३. नट काढण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. वॉशर कुठल्या क्रमानं आणि कुठल्या तोंडानं बसलेत ते त्यात दिसलं पाहिजे.
४. यातला एक वॉशर दातेरी असतो. मोटर जोर लावते तेव्हा धुरा जागेवर फिरू नये म्हणून त्याचा दात फ्रेमच्या खाचेत बसतो. तो उलटा बसला किंवा राहून गेला तर धुरा फिरतो आणि केबल पिळवटून तुटते. मग मोटर उघडावी लागते.
५. टायर चढवण्याआधी आतनं बोट फिरवून तुटका काटा राहिलाय का बघा. जपून, तो बोटातही जातो.
६. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मग ती आत घाला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळा.
७. चाक बसवताना केबल धुऱ्यातनं खालच्या दिशेला निघेल असं बघा, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरनं ओघळून मोटरमध्ये शिरतं.
८. नट घट्ट करा, जोडाचे बाण समोरासमोर आणून दाबा, नवे टाय बांधा. हवा निम्मी भरून टायरची कड सगळीकडं सारखी बसलीय का बघा, मग पूर्ण भरा.

दुसऱ्या दिवशी नट पुन्हा एकदा आवळा.

९. नवा टायर घेताना

मागचा टायर संपला की नवा मागं बसवायचा, ही सवय. त्यापेक्षा पुढचा, कमी झिजलेला टायर मागं टाका आणि नवा पुढं बसवा. पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही, तिथं चांगली पकड हवी. झिजलेला मागचा टायर पुढं लावायची काटकसर मात्र करू नका.

नक्षी शहरासाठी मधे सलग आणि कडेला उथळ असलेली घ्या. ठसठशीत गुठळ्यांचा टायर डांबरावर गुणगुणतो, लवकर झिजतो आणि बॅटरी खातो. रोज काळ्या मातीतनं शेताला जात असाल तर गुठळ्या हव्यातच. काही कंपन्यांच्या टायरवर ‘ई-२५’ किंवा ‘ई-५०’ असा शिक्का असतो, तो ताशी २५ आणि ५० किलोमीटरपर्यंतच्या ई-सायकलींसाठी. मिळाला तर छान, नाही मिळाला तर जाड बाजूचा चांगला टायर घ्या आणि हवा सांभाळा. दुकानात टायर हातात घेऊन वाकवा. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर माल फार दिवस पडून आहे, दुसरा मागा.

जुना टायर दुकानात सोडून येऊ नका. त्याचे चार बोटं लांबीचे दोन-तीन तुकडे कापून पिशवीत ठेवा. वाटेत टायर चिरला तर आतनं गेटर म्हणून तो तुकडा लावायचा आणि हवा थोडी कमी ठेवून घर गाठायचं. गेटर लावलेल्या टायरवर रोज फिरू नका.